बैल सोडतो, लॅपटॉप नाही

परवा भर दुपारी लॅपटॉपने मान टाकली. परभणीचा मे महिना, बाहेर ४३ अंश, कूलर नुसताच गरम वारा फेकतोय. पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि मग काळोख! आत पुतणीचा कृषी विद्यापीठाचा प्रोजेक्ट. चार दिवसांनी द्यायचा होता. पोरगी रडायलाच लागली.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं, तर पंख्यापाशी धुळीची अक्षरशः वाकळ. "ग्राफिक्स चिप गेली, काका. हीटगनने गरम करून देतो, काही दिवस चालेल." म्हणजे उष्णतेने मेलेल्याला उष्णतेचंच औषध!

घरी येऊन माहितीपुस्तिका काढली. बारीक अक्षरांत लिहिलंय : वापराचं तापमान १० ते ३५ अंश. अहो, ३५ तर आपल्याकडे मे महिन्यात सकाळीच होतात! खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर चढते. मग ती आधी वेग कमी करते, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. रोज तापणं-निवणं, फुगणं-आकसणं. चिपखालचे बारीक टाके शेवटी तडकतात.

हे फक्त आपल्या उन्हाचं पाप नाही बरं का. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्याआधी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ची त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली, खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. तिथे गिऱ्हाईक ओरडलं म्हणून हे झालं. आपण मात्र "ऊनच फार हो" म्हणून गप्प बसतो.

माझं म्हणणं एवढंच : मराठवाड्यात विकायचं तर ३५ चा आकडा खोक्यावर ठळक छापा. घेणाऱ्याला आधी कळू द्या.

आणि आपणही सुधारू. लॅपटॉप गादीवर ठेवून त्याचं नाक दाबायचं नाही. एप्रिल लागायच्या आत पंखा साफ करून घ्यायचा. जड काम पहाटे. महत्त्वाचं असेल त्याची दुसरी प्रत हवीच.

पुतणीचं नशीब थोर. चिप गेली तरी डिस्क शाबूत होती, प्रोजेक्ट निघाला.

ऊन चढलं की आपण औताचे बैल सोडतो, सावलीला बांधतो. त्यासाठी कुणी माहितीपुस्तिका वाचली नव्हती. या मुक्या जनावरालाही दुपारी थोडं सोडत जाऊ.

असो. लाइट गेली, थांबतो.