काकूंना शहाणं करण्याआधी

शनिवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा एक 'सावधान!!' आलं. खाली नेहमीप्रमाणे 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं ठरलेलं उत्तर : 'काकू, फॉरवर्ड करण्याआधी जरा चेक करत जा ना.'

या उत्तराची मला हल्ली चीड येते. का, ते सांगतो. (यात मी स्वतःही आरोपी आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.)

जून २०१८. मुलं पळवणारी टोळी आलीये, अशी क्लिप सगळीकडे फिरत होती. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पसार. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता, बस्स.

त्याच आठवड्यात आमच्या गेटवर झोळी घेतलेला एक माणूस भिक्षा मागायला आला. लहानपणी असं कुणी दारात आलं की आजी ओंजळभर तांदूळ घालायची. या वेळी वॉचमनने अडवलं, चौघं जमले, एकाने फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'ओळखून ठेवा'. तो बिचारा हात जोडून निघून गेला. मी ऑफिसला निघालो होतो. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोचा जिना चढता चढता मी त्या फोटोखाली अंगठा टाकला. विचार वगैरे काही केला नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. भटका समाज, भिक्षा मागून जगणारा. त्यातले बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही जणांना.

आमच्या गेटवर चार माणसं होती, चारशे नव्हती. फरक एवढाच.

त्यानंतर काय झालं? १० जुलैला पेपरांत पानपानभर जाहिराती आल्या : खोटी माहिती कशी ओळखावी. म्हणजे पुन्हा काकूंनाच गृहपाठ. पण फरक पडला तो जाहिरातींनी नाही, कोडमधल्या एका आकड्याने. तोवर एक मेसेज एका वेळी २५० चॅट्सना ढकलता येत होता. जुलै २०१८ मध्ये भारतासाठी ही मर्यादा ५ वर आली, जानेवारी २०१९ मध्ये जगभर. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती १ झाली, आणि कंपनीनेच सांगितलं की असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. काकू त्याच, अक्कल तीच. आकडा बदलला.

मग हा आकडा राईनपाड्याच्या आधी का नाही बदलला?

याचं उत्तर मला माहीत आहे, कारण मी त्या खोलीत बसलेलो आहे. त्या कंपनीत नाही, अंधेरी ईस्टच्या एका दुसऱ्याच ऑफिसात. आमच्या ॲपमध्ये शेअर करण्याआधी 'नक्की पाठवायचं?' असा एक डबा यायचा. लोक तिथे अडतात असं दिसलं, म्हणून आम्ही तो काढला. शेअर वाढले, पिझ्झा आला, टाळ्या झाल्या. लोक तिथे थांबून विचार करत असतील, ही शक्यता मीटिंगमध्ये कुणीच काढली नाही. त्या कमिटवर माझं नाव आहे.

कुणी म्हणेल, अफवा काय आजच्या आहेत? कबूल. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुठे होतं व्हॉट्सॲप? पण तेव्हा बातमी आत्याच्या फोनवरून यायची. आत्याला विचारता यायचं, 'तुला कुणी सांगितलं?' आणि आत्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागायचं. फॉरवर्डमध्ये मूळ सांगणारा गायब. प्रत्येकजण म्हणतो, मी फक्त पुढे पाठवलं. मीही तेच म्हणालो असतो.

दुसरा उपाय सुचवतात तो सरकारचा. २०२३ मध्ये नियम आला : केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची माहिती खोटी आहे का, हे सरकारचाच फॅक्ट चेक विभाग ठरवणार. म्हणजे पेपर देणारा आणि तपासणारा एकच! मुंबई उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२४ ला तो रद्द केला, ते बरंच झालं. आणि मुळात कुणी मेसेज वाचायची गरजच नाही. किती वेळा फॉरवर्ड झाला याचा हिशेब मेसेजसोबत एन्क्रिप्टेडच जातो. आतलं काही न बघता वेग कमी करता येतो.

पण वेग कमी करणं धंद्याला परवडत नाही ना! २०१८ मध्ये ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची, २०२२ मध्ये १०२४ मावायला लागली. २०२३ मध्ये चॅनेल्स आले, तिथे तर फॉलोअर्सना मर्यादाच नाही. एका हाताने नळ बारीक करायचा आणि दुसऱ्या हाताने पाइप रुंद.

म्हणून मंडळी, माझं भांडण काकूंशी नाही, आपल्याशी आहे. सीप्झपासून ऐरोलीपर्यंत आपल्यापैकी किती जण हेच करतात : एक क्लिक कमी, एक स्क्रोल जास्त. मग घरी येऊन आईला 'चेक करत जा' म्हणतात. चेक करणं चांगलंच. पण रस्त्याला उतार आपण द्यायचा आणि घसरणाऱ्याला नीट चालायला शिकवायचं, हे काही बरोबर नाही.

शनिवारी संध्याकाळी काकूंना लिफ्टमध्ये भेटलो. तो मेसेज खोटा होता, असं सांगितलं. ओशाळल्या. मग म्हणाल्या, "अरे, पण एवढं सोपं कशाला करून ठेवलंय तुम्ही लोकांनी?"

'तुम्ही लोकांनी'. मला उत्तर सुचलं नाही.

असो. आताच्या कामावर शेअरच्या स्क्रीनचं डिझाइन पुढच्या आठवड्यात ठरतंय. 'नक्की पाठवायचं?' हा डबा मी त्यात मागणार आहे. आकडे पडतील म्हणून नाही म्हणतील बहुतेक. पण त्या मीटिंगमध्ये या वेळी कुणीतरी बोललेलं असेल.