वर्गणीचे अर्थकारण आणि छोटी नियतकालिके

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. गडचिरोलीच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला आय.आय.टी.तील विद्यार्थ्याइतकेच संशोधन वाचावयास मिळावे, या हेतूचे समाजवाद्यांनी स्वागतच केले पाहिजे. परंतु हेतू चांगला असला म्हणून पैशाची वाट तपासू नये, असे होत नाही.

ग्रंथालये पूर्वी एकेक नियतकालिक पारखून वर्गणी भरीत. 1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बड्या प्रकाशकांनी शेकडो नियतकालिकांचे गठ्ठे एकत्र विकण्याची पद्धत रूढ केली. गठ्ठ्यातील एखादे नको असले तरी ते वगळल्याने बिल त्या मानाने कमी होत नाही. करार काही वर्षांचा, दरवाढ बहुधा करारातच लिहिलेली आणि ग्रंथालयाचे अनुदान मात्र जेथल्या तेथे! मग कात्री लागते ती कराराबाहेरच्या फुटकळ वर्गण्यांना. न वाचले जाणारे महाग नियतकालिक टिकते. वाचले जाणारे स्वस्त त्रैमासिक बंद होते. ग्रंथालयाची बचत नगण्य असते. पण समजा, एखाद्या त्रैमासिकाचे 400 वर्गणीदार आहेत व त्यातील 150 ग्रंथालये आहेत. ती गळाली तर ते त्रैमासिकच संपते.

हा निर्णय ग्रंथपाल दुष्टपणाने घेत नाहीत. त्यांच्यापुढे वापराचे आकडे ठेवले जातात. संगणकावर किती लेख उतरवून घेतले, हे बडा प्रकाशक महिन्याच्या महिन्याला कळवितो. वाचनालयाच्या बाकावर बसून छापील अंक वाचणारा विद्यार्थी मात्र कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. शिवाय प्रत्येक छोट्या वर्गणीसाठी वेगळे बिल, वेगळी मंजुरी आणि लेखापरीक्षकाची वेगळी शंका. म्हणून ग्रंथालये मध्यस्थाकडे वळतात. पण तोही आधार पक्का नाही. स्वेट्स ही नेदरलंड्समधील मोठी मध्यस्थ कंपनी 2014 मध्ये दिवाळखोर झाली, तेव्हा ग्रंथालयांनी भरलेल्या वर्गण्या अनेक प्रकाशकांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. बडे प्रकाशक असा फटका सोसू शकतात. लहानांना तो झेपत नाही.

या देशातील ज्ञानव्यवहार बड्या कंपन्यांनी उभा केलेला नाही. महालनोबीसांनी 1933 मध्ये ‘संख्या’ सुरू केले. सचिन चौधरींनी 1949 मध्ये मुंबईतून ‘इकॉनॉमिक वीकली’ काढले. पुण्याच्या गोखले संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ 1959 पासूनचे. नफ्याचे गणित मांडून यांतले एकही निघाले नव्हते. ऊसतोडणी मजुरांची उचल, कोरडवाहू शेतीचे कर्ज, गिरणगावातील विस्थापन हे प्रश्न ज्या पानांवर प्रथम मांडले जातात, ती पाने अशाच संस्थांची असतात. मराठीतून मांडावयाचे असतील तर दुसरी पाने जवळपास नाहीतच. ती नाहीशी झाली तर आपल्या समाजाविषयीचे प्रश्नही परदेशी संपादकाला रुचतील तेवढेच विचारले जातील.

छोट्या प्रकाशकांचे दोषही झाकू नयेत. अंक वेळेवर न निघणे, जोडअंकांवर वेळ मारून नेणे, जुने अंक संगणकावर न आणणे, पत्रांना उत्तर न देणे यामुळे सहानुभूती असलेला ग्रंथपालही हताश होतो.

उपाय अशक्य नाहीत. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्याच्या संशोधन निधीच्या आधाराने ‘सायेलो’ हा उपक्रम 1990 नंतरच्या दशकातच सुरू झाला आणि तेथील लहान नियतकालिके सर्वांना विनामूल्य खुली झाली. आपल्याकडे 6,000 कोटींपैकी केवळ 5 टक्क्यांएवढी रक्कम म्हणजे वर्षाला 100 कोटी होतात. प्रत्येकी 10 लाख रुपये दिले तरी न्यास, विद्वत्सभा आणि विद्यापीठे यांची 1,000 नियतकालिके सावरतील, तीही सर्व वाचकांना मोफत उपलब्ध करण्याच्या अटीवर. दुसरे म्हणजे, प्रकाशकनिहाय किती रक्कम दिली जाते हे जनतेपुढे मांडले गेले पाहिजे. तिसरे, छोट्या प्रकाशकांनी सहकारी संघ स्थापून एकच यादी, एकच बिल आणि एकच वितरण अशी व्यवस्था करावी. दूध आणि साखर यांचा सहकार ज्या महाराष्ट्राने उभा केला, त्याला हे जड जाऊ नये.

पक्षाचे अनेक कार्यकर्ते महाविद्यालयांच्या समित्यांवर, विद्यापीठांच्या अधिसभांवर आणि गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. वर्गण्या कमी करण्याची यादी बहुधा चर्चेविना संमत होते. पुढील बैठकीत ती मागवून मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक नावापुढे दोनच प्रश्न विचारावेत: हे बंद केल्याने किती पैसे वाचतात, आणि हे बंद पडल्यास त्यातील विषयांवर दुसरे कोण लिहिणार आहे?