अर्धा कोर्स आणि गिरणीची मोटार

आमच्या वाचनालयात पुस्तक परत आलं की मी ते उलटं धरून झटकते. तीस वर्षांची सवय. आतून एसटीचं तिकीट पडतं, गोळ्यांचं रिकामं पाकीट पडतं, एकदा तर हळदीकुंकवाचं आमंत्रण पडलं होतं, तेही माझ्याच घरचं. खूण कुठल्या पानात होती ते नजरेला पडतंच. चारशे पानी कादंबरीत ती पुष्कळदा साठाव्या-सत्तराव्या पानावर असते. मी वाचकाला काही विचारत नाही. पुस्तक मुदतीत आलं, पान फाटलं नाही, विषय संपला. अर्ध्यात सोडलं म्हणून दंड घेणारं वाचनालय अजून तरी महाराष्ट्रात निघालेलं नाही.

विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन कोर्सचा विषय निघाला की मात्र पाच मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतंच, ‘पण पूर्ण किती जण करतात?’ आकडे खरोखर वाईट दिसतात. २०१२ साली एमआयटीने इलेक्ट्रॉनिक सर्किटवरचा कोर्स सगळ्या जगाला फुकट खुला केला. शिकवणारे अनंत अगरवाल. नावं नोंदवली सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी, पास झाले ७ हजारांच्या आसपास. पुढे २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटी आणि हार्वर्डच्या सहा वर्षांच्या कोर्सचा हिशेब आला. नाव नोंदवलेल्या निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, आणि २०१७-१८ साली शेवट गाठणारे शंभरात जेमतेम तीन. झालं, प्रयोग फसला असं पुष्कळांनी ठरवून टाकलं. मला ते पटत नाही. हा हिशेब हजेरीपटाचा आहे आणि तो लावलाय पुस्तकाला.

आमचं वाचनालय सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. ‘ब’ वर्ग, अनुदान येईल तेव्हा येतं. देणगीतून मिळालेले दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक चालतो. मागच्या गल्लीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याचे मालक रोज अकराला पेपर वाचायला येतात. पन्नाशीचे असतील, हाताच्या रेषांत वार्निश बसलेलं. गेल्या पावसाळ्यात मी कॉम्प्युटरवर काहीतरी करत होते, ते मागे येऊन उभे राहिले.

“ताई, मोटारीचं असतंय का हो ह्यात काय?”

असतं. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटेल नावाने तासच्या तास रेकॉर्ड करून ठेवलेत. ९ जुलै २०१७ पासून सरकारचं ‘स्वयम’ आहे, त्यावरही ते कोर्स मिळतात. शिकायला एक पैसा पडत नाही. मी वाचनालयाच्या ईमेलवर त्यांचं नाव नोंदवलं आणि विद्युत यंत्रांवरचा कोर्स लावून दिला.

पहिला धडा त्यांनी वीस मिनिटं बघितला. नुसती समीकरणं. “हे पोरांचं हाय,” म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. मला वाटलं संपलं. चार दिवसांनी पुन्हा आले, स्वतःच खाली सरकवत गेले आणि तिसऱ्या आठवड्यातल्या एका धड्यावर थांबले. पडद्यावर वाइंडिंगची आकृती होती. खुर्ची पुढे ओढली.

आकृतीत काय होतं ते मला त्यांनीच समजावलं. पिठाच्या गिरणीची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार जळून आली की जुनं वाइंडिंग कापायच्या आधी सगळं मोजून लिहून घ्यायचं: टर्न किती, तार कोणत्या गेजची, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) किती. त्या मोटारीला छत्तीस स्लॉट आणि चार पोल. छत्तीसला चाराने भागलं की नऊ. म्हणजे कॉइलची एक बाजू पहिल्या स्लॉटमध्ये घातली तर दुसरी हिशेबाने दहाव्यात जायला हवी. ते मात्र सव्वीस वर्षं ती नवव्यात घालत आले. वस्ताद म्हणायचे एक ते नऊ, म्हणून एक ते नऊ. का, ते वस्तादांनी सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

पडद्यावरचे मास्तर नेमकं तेच सांगत होते. पिच एका स्लॉटने आखूड ठेवली की टोकांना तांबं कमी लागतं, आणि नको असलेल्या लहरी दबतात, त्यामुळे मोटारीची घरघर कमी होते. इंग्रजी बंगाली वळणाचं होतं, पण कॉइल, स्लॉट, पिच हे शब्द यांचेच होते. धडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर हेडफोन काढला आणि थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वस्तादला ठाव नव्हतं हे. पण हात बरोबर होता त्यांचा.”

चौथा आठवडा त्यांनी उघडला नाही. उघडायचं कारणच नव्हतं. पण वाचनालयाच्या ईमेलवर दर आठवड्याला निरोप येत राहिला: असाइनमेंट बाकी आहे, शेवटची तारीख अमुक, परीक्षेचा फॉर्म भरा. असाइनमेंटला पंचवीस मार्क, परीक्षेला पंचाहत्तर. परीक्षा मात्र फुकट नाही, तिला फी आहे आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. म्हणजे दुकान बंद ठेवून दिवसभराची वारी. मी एक निरोप त्यांना वाचून दाखवला तर हसले. “परीक्षा कुणाची, माझी का मोटारीची?” विद्यापीठाच्या वहीत हा माणूस गळालेल्यांत जमा आहे.

माझंही तसंच आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे ‘ओपनलर्न’वर शेकडो छोटे कोर्स फुकट आहेत, २००६ पासून. प्रत्येकावर लिहिलेलं असतं, अभ्यासाचे तास इतके. मी तिथला जमाखर्च आणि हिशेबाचा कोर्स केला. आठेक तासांचा होता, मला अकरा दिवस लागले, कारण इंग्रजी वाचताना मी बोट ठेवून वाचते. उदाहरणं सगळी पौंडांतली, पण नावे आणि जमा तिकडेही तेच. शेवटी सहभागाचं प्रमाणपत्र आलं. ते मी छापलंसुद्धा नाही. दरवर्षी ऑडिटच्या आधी मला झोप लागत नसे, यंदा लागली.

तो एक पूर्ण केला आणि चार सोडले. सोडलेल्यांत मृग नक्षत्रावरचा एक होता. आमच्याकडे मृग म्हणजे ७ जून, पेरणी आणि आभाळाकडे डोळे. तेच मृग थंडीत रात्री डोक्यावर दिसतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्याच्या खाली धुरकट ठिपका, तिथे नवे तारे जन्माला येतात. आणि तांबूस काक्षी म्हणजे आयुष्य संपत आलेला म्हातारा तारा. एवढं कळलं आणि पुढे गणित आलं. मी थांबले. डिसेंबरात नातीला गच्चीवर नेऊन बाण दाखवला. याला अर्धवट म्हणायचं असेल तर म्हणा.

ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ची. पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये आले आणि त्यांचे तास बीबीसीवर लागायचे, पुष्कळदा भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा. पाळणा हलवत किंवा रात्रपाळीहून आल्यावर जेवता जेवता ज्यांनी ते बघितले, त्यांची नावं कुठल्याच वहीत नव्हती. नाव नसल्यामुळे ते गळालेही नाहीत. इंटरनेट आल्यावर पुष्कळ ठिकाणी नाव, ईमेल आणि पासवर्ड द्यावा लागला, आणि मग मोजणी सुरू झाली.

आता दुसरी बाजू. प्रमाणपत्राची गरज असणारे लोक आहेत आणि ती खोटी गरज नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करायची मुभा दिली. लहान गावातल्या कॉलेजात एखाद्या विषयाला मास्तरच नसला तर मुलांना हा मोठाच आधार आहे. पण माझ्या पुतण्याच्या कॉलेजात वर्गातल्या सगळ्यांना सरसकट एकाच कोर्सला बसवलं. तो आठवडाभर धडे उघडत नाही. शेवटच्या तारखेच्या रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर उत्तरं येतात, दहा प्रश्न, दहा अक्षरं, तीन मिनिटांत काम. मी विचारलं, कोर्स कशावर आहे रे? त्याला नाव आठवेना. तो पास झाला. कॉलेजच्या जिन्यात फलक लागलाय, इतकी प्रमाणपत्रं मिळाली म्हणून. हिशेबात पुतण्या जमेला आणि रिवायंडिंगवाले खर्चाला. आमच्या ऑडिटरने असला ताळेबंद एक दिवस चालवून घेतला नसता.

फुकट म्हणजे कायमचं, हाही भ्रम नको. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाने वीस हजारांहून जास्त तास आणि ध्वनिमुद्रणं खुली ठेवली होती. बहिऱ्या लोकांना त्यांचा उपयोग नाही, खाली मजकूर नाही, अशी तक्रार झाली आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने ती मान्य केली. तक्रार शंभर टक्के रास्त होती. विद्यापीठाने काय करावं? मजकूर घालायचा खर्च टाळून २०१७ च्या मार्चमध्ये सगळा ठेवा लोकांसाठी बंद केला. आम्हाला वाळवी लागलेलं एक पुस्तक बाद करायचं तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून काढलेलं एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं, तिनेही २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून मी सांगते, जे हवंय ते आज बघून घ्या. नंतर बघू म्हणून नाव नोंदवून ठेवण्यात काही राम नाही.

मग विद्यापीठांनी करायचं काय? आमच्या धंद्यात ‘मुक्तद्वार’ असा शब्द आहे. वाचकाने स्वतः कपाटापाशी जायचं, हवं ते पुस्तक काढायचं, हव्या त्या पानावर उघडायचं. पूर्वी चिठ्ठी द्यावी लागे, मग शिपाई आत जाऊन पुस्तक आणी. पुष्कळसे मोफत कोर्स अजून चिठ्ठीच्या जमान्यात आहेत. आधी नाव नोंदवा, अमुक तारखेला सुरू होईल, पहिल्या आठवड्यापासून या. मला बारा आठवडे नकोत, मला एक धडा हवा, आणि तो कुठे आहे हे सांगणारी सूची हवी.

आणि तो मराठीत हवा. होत नाही म्हणू नका. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे दहा-दहा मिनिटांचे असतात, मराठीतही आहेत, आणि नुसते सॉफ्टवेअरचे नाहीत. बाळाला अंगावर पाजताना कसं धरायचं, याचे धडे आमच्याकडे येणाऱ्या आशाताईने पाहिले, दोनदा पाहिले, आणि वाचनालयातलीच एक उशी मांडीवर घेऊन करून पाहिले. पेपर वाचणारे आजोबा उठून बाहेर गेले, ती गोष्ट वेगळी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. राम ताकवले पहिले कुलगुरू. शेतकऱ्याला, कामगाराला, घरातल्या बाईला घरबसल्या मराठीतून शिकवायचं हे त्या विद्यापीठाच्या हाडात आहे. सातबारा कसा वाचायचा, रक्ताच्या रिपोर्टात काय बघायचं, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक कसं उलगडायचं, गिरणीची मोटार एक ते नऊ का: पंधरा मिनिटांचे धडे, नाव-गाव-ईमेल न मागता, सगळ्या विद्यापीठांनी वाटून घेतले तर वर्षभराचं काम आहे. परीक्षा ज्याला हवी त्याला वेगळी ठेवा, फी घेऊन ठेवा.

तोवर माझं मी सुरू केलंय. सगळी नोंद कॉम्प्युटरवर गेल्यापासून आमचं सूचीपत्रांचं लाकडी कपाट रिकामं पडून होतं. त्यातला एक खण पुसून घेतला. कोरी कार्डं होतीच, खालच्या कडेला भोक असलेली. कुणी धडा बघितला आणि कामाचा निघाला की मी कार्ड करते. ‘मोटार, पिच आखूड का. आठवडा ३, धडा २, चौदाव्या मिनिटापासून.’ ‘मृगाचा बाण कसा ओळखावा.’ ‘नावे आणि जमा.’ खाली पेन्सिलीने, कोणी पाहिला. आत्तापर्यंत एक्केचाळीस कार्डं झालीत. परवा रिवायंडिंगवाले आपल्याकडच्या पोराला घेऊन आले, खण ओढला, ‘म’ काढला आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.