चाळीचा नकाशा कुणाकडे आहे?

परवाच्या रविवारी सकाळी सात वाजता मी नातीचे बोट धरून गिरगाव मेट्रो स्थानकाबाहेर उभा होतो. निमित्त होते ‘वारसा फेरी’चे. ज्या गल्ल्यांतून दप्तर घेऊन धावलो, त्याच गल्ल्या आता पैसे भरून पाहायच्या, या कल्पनेचे मला हसू येत होते. सोबत वीसेक माणसे होती. निम्मी उपनगरांतली, त्यांच्या आजी-आजोबांचे गिरगाव त्यांनी फक्त ऐकलेले.

माहिती सांगणारी तरुणी वास्तुशास्त्राची पदवीधर होती आणि अभ्यासू होती. केशवजी नाईकांच्या चाळीत तिने १८९३ साली सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव आणि १९०१ सालची लोकमान्यांची भेट सांगितली. खोताच्या वाडीत दादोबा वामन खोतांचे नाव सांगितले आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी घरे, बाहेरून चढणारे जिने, ओटे दाखवले. एकेकाळी येथे पासष्ट घरे होती असे म्हणतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. वाडीचे नाव वारसा यादीत आहे, हे विशेष.

पुढच्या वळणावर एक उंच इमारत लागली. तिथे फेरी थांबली नाही. मी थांबलो. आमची चाळ इथेच होती.

‘‘आजोबा, तुमची खोली कुठे होती?’’ नातीने विचारले. मी बोट वर केले आणि ते तसेच राहिले. तिसऱ्या मजल्याच्या उंचीला आता मोटारी उभ्या असतात. पण जिना डावीकडे होता, की तो मागच्या इमारतीचा? नळ कोणत्या टोकाला? वीस वर्षे ज्या गॅलरीत काढली, तिची लांबीसुद्धा मला सांगता येईना.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘‘युरोपात जाऊन बघा, जुनी गावे कशी जपतात!’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य आपण फार सहज बोलतो.

मी चाळीसाठी गळा काढणार नाही. पहाटे संडासाच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला त्या गॅलरीचे काव्य सांगू नये. चाळ पाडायचे ठरले, तेव्हा माझ्या आईने पेढे वाटले होते. चाळी मोडकळीला आल्या, त्यालाही हिशेब आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरू वाचला, हे खरेच. पण त्या भाड्यात मालकाला गिलावाही परवडेना. मग उपकर आला, १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळाची तरतूद झाली. शेवटी वाढीव चटईक्षेत्राचे आमिष आले, तेव्हा मालक, भाडेकरू आणि बिल्डर तिघांचेही हित पाडण्यातच उरले. अशा गणितात ‘जपा, जपा’ म्हणणारा उपरा ठरतो.

आणि युरोप? वॉर्साचेच उदाहरण घ्या. पोलंडच्या या राजधानीचा जुना भाग १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने ठरवून जमीनदोस्त केला. आज तिथे वाटाडे जी ‘जुनी’ घरे दाखवतात, ती बहुतेक युद्धानंतर उभी राहिली. माझ्याहून फार तर पाच-सात वर्षांनी मोठी. १९८० साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. हे जमले कसे? अठराव्या शतकात बेल्लोत्तो नावाच्या चित्रकाराने रंगवलेले रस्ते हाताशी होते. युद्धापूर्वी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घराघरांची मापे घेऊन काढलेले नकाशे होते आणि ते नकाशे लोकांनी जीव धोक्यात घालून लपवले होते. दगड गेले, कागद राहिले. कागदावरून शहर परत आले.

आमच्या चाळीवर कुणी बाँब टाकला नाही. ती रीतसर परवानगीने, सह्या घेऊन पाडली. आणि तिचा एकही नकाशा माझ्या किंवा माझ्या शेजाऱ्यांच्या घरात नाही.

बँकेत एक शिस्त अंगी मुरते. मूळ दस्तऐवज कुणाच्या हाती द्यायचा, तर आधी त्याची नक्कल फाईलला लागते. शहराने एवढी साधी शिस्त पाळायला काय हरकत आहे? पाडकामाची परवानगी देण्यापूर्वी प्रत्येक चाळीची मापे, मजल्यागणिक आराखडा, छायाचित्रे, जुन्या भाडेपावत्यांच्या आणि उत्सव मंडळाच्या वह्यांच्या प्रती जमा व्हाव्यात. विद्यार्थी आपल्याकडेही आहेत; जे. जे.चे वास्तुकला महाविद्यालय इथून हाकेच्या अंतरावर आहे. ठेवायला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था आहे. बिल्डरच्या खर्चात हा खर्च दिसणारही नाही, आणि कुणाच्या नव्या घराला एक दिवसाचाही उशीर होणार नाही.

वेळ मात्र थोडा आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशेत गेलेल्या त्या माणसांचा आनंद मी समजू शकतो. नायगाव, ना. म. जोशी मार्ग त्याच वाटेवर आहेत. लालबाग-परळच्या गिरणी चाळींचेही दिवस भरत आले आहेत. एका चाळीत एक अख्खे कोकणातले गाव राहत असे. कोण कुणाच्या शेजारी राहिले, हे उद्या कशावरून सांगणार?

घरी आल्यावर नातीने कोरा कागद पुढे केला. मी गॅलरी काढली, जिना काढला, खोल्या मोजू लागलो. बारा होत होत्या. खात्री करावी म्हणून जुन्या शेजाऱ्याला फोन लावला.

तो म्हणाला, ‘‘अरे, तेरा!’’