म्यूटवरची आई

'घरूनच काम? मज्जाय बुवा एका माणसाची!' ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या हे वाक्य आपण कुणाला ना कुणाला ऐकवलेलं असतंच. माझ्या एका मैत्रिणीला मात्र ते ऐकवायची माझी टाप नाही. ती पुण्यातल्या आयटी कंपनीचं टेस्टिंगचं काम करते आणि राहते झरी जामणीला. (नकाशा उघडू नका, सांगते. यवतमाळ जिल्हा, तेलंगणाची सीमा, कापूस आणि तूर.) 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दोघं नवरा-बायको तिच्या सासरी आले आणि तिथेच रमले. मुलगा आता सात वर्षांचा आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम.

तिथे लाइट गेली की हिचं वाय-फाय जातं आणि त्याचा पंखा. वाय-फायचं टेन्शन नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे. पण फिरणाऱ्या पंख्याकडे बघत तासन् तास शांत बसणाऱ्या मुलाचा पंखा थांबला, तर बॅकअप काय द्यायचा? शेवटी इन्व्हर्टर घेतला. त्यावर पहिल्यांदा पंखा जोडला, राउटर नंतर.

त्याला चित्रांचं टाइमटेबल लागतं. आंघोळ, पोळी, आईचं ऑफिस, मग आई. हेडफोन डोक्यावर असला की 'ऑफिस'चं कार्ड, काढला की 'आई'चं. समोर बसलेली आई आपल्यासाठी नाही, ही गोष्ट कळायला त्याला आठ महिने लागले. आता पक्की कळलीय. गंमत अशी, की बॉसला अजून कळलेली नाही! तो 'फाइव्ह मिनिट्स' म्हणतो आणि चाळीस घेतो. आपण चडफडत मोबाइल चाळतो. तिच्या घरी मात्र त्या पस्तीस मिनिटांत भिंतीवर डोकं आपटलं जातं आणि आई म्यूटवर असते. घरी असणं ही तिची गरज आहेच, पण वेळ न हलणं ही त्याहून मोठी. वर्क फ्रॉम होमच्या पॉलिसीत पहिलीचाच विचार असतो.

सासूबाईंचं सुरुवातीचं पालुपद होतं, 'काही काही पोट्टे उशिरानंच बोलतेत वो. याचा बाप बी चार वर्साचा होऊन बोल्ला.' त्यात एक वर्ष गेलं. आज त्याच सासूबाई दुपारी नातवाला कापसाच्या ढिगाजवळ नेऊन बसवतात. तो कापसात हात घालून तासभर बसतो. एवढ्या वेळात हिचा एक मॉड्यूल होतो.

थेरपीचं काय? नागपूर गाठायचं तर अख्खा दिवस जातो. म्हणून थेरपिस्ट व्हिडिओवर हिला शिकवते आणि ही मुलाला. म्हणजे नोकरीच्या वर आणखी एक नोकरी, बिनपगारी. पैशाला थोडा आधार आहे तो नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्याचा. वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीसकट. (ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईबाबांनी हे नाव लिहूनच ठेवावं.)

आणि कायदा? दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात ऑटिझमचं नाव आहे. पण कामावर सवलती दिव्यांग कर्मचाऱ्याला, त्याच्या आईला नाहीत. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली घरून कामाची तरतूद आली, तीही रजेनंतर आणि कंपनी राजी असेल तर. ती तान्ह्या बाळाच्या हिशेबाने केलेली. ऑटिझम बहुतेकदा लक्षात येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी! केंद्र सरकारी नोकरीत आईला 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिव्यांग मुलाच्या आईसाठी अशा रजेचा विचार करायला हिमाचल सरकारला सांगितलं. तीही बाई सरकारी कॉलेजात शिकवणारी. खासगी नोकरीतल्या आईने एचआरचा मूड बघायचा.

सध्या तो मूड बरा नाही. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या, असा मेल आलाय. पुण्यात थेरपिस्ट आहे, शाळा आहे. पण कापसाचा ढीग नाही, आजी नाही, आणि आईचे रोजचे दोन तास रस्त्यावर जाणार. इथे राहिली तर पगार गेला. नवरा म्हणतो, 'मी सोडतो नोकरी.' पण हिचा पगार त्याच्या दुप्पट आहे, त्यामुळे ते गणित निदान जुळतं तरी. सासूबाईंना मात्र ते अजिबात पटत नाही.

तिने उत्तराचा मसुदा मला पाठवला. घरून कामाची विनंती त्यात दुसऱ्या मुद्द्यात आहे. पहिला मुद्दा असा: माझी मीटिंग ठरलेल्या मिनिटाला संपेल, हे लेखी द्या. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय.