रीस्टार्टआधीची पाच मिनिटे

डेटाबेस सर्व्हरची तक्रार आली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: सर्व्हिस रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा त्याने काम सुरू होते, फोन थांबतात आणि प्रकरण तिथेच मिटते. पुढच्या महिनाअखेरीला तीच तक्रार परत येते, तेव्हा मागच्या वेळी नेमके काय झाले होते याची एकही ओळ कोणाकडे नसते. मग पुन्हा रीस्टार्ट. या महिन्याचे संपादकीय या एकाच सवयीविरुद्ध आहे.

रीस्टार्टने काय काय हातचे जाते ते आधी पाहू. एसक्यूएल सर्व्हरमधले वेट स्टॅट्स, म्हणजे सर्व्हर सुरू झाल्यापासून त्याने कशाकशाची किती वाट पाहिली याचा जमाखर्च, सर्व्हिस थांबताच शून्यावर येतो. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी त्या क्षणाचे चित्र दाखवते: कोणती क्वेरी चालू आहे, कोण कोणामुळे अडले आहे, कोणते ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडे आहे. ते चित्र एकदा पुसले की परत मिळत नाही. मेमरीतली कॅश रिकामी होते, त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ बरीचशी वाचने डिस्कवर जातात. आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये एखादे मोठे ट्रान्झॅक्शन अर्ध्यावर असेल, तर सर्व्हर परत उठल्यावरही ते मागे घेण्याचे काम त्याला करावेच लागते. रीस्टार्ट करूच नये असे आमचे म्हणणे नाही. कधीकधी तोच एक मार्ग असतो. पण त्याआधी पाच मिनिटे पुरावा गोळा करण्यासाठी राखली पाहिजेत, आणि वरिष्ठांनी ती पाच मिनिटे दिली पाहिजेत.

पुरावा गोळा करायचा म्हणजे पहिल्यांदा एरर मेसेज अक्षरशः उतरवून घ्यायचा. ‘डीबी कनेक्ट होत नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यात निदान चार वेगवेगळे आजार लपतात. कनेक्शन क्षणात नाकारले गेले, तर पाकीट त्या मशीनपर्यंत पोचले आहे. बहुधा त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. सर्व्हिस बंद आहे, पोर्ट चुकला आहे, किंवा पोस्टग्रेस फक्त लोकलहोस्टवर ऐकत बसला आहे, कारण त्याचे मूळ सेटिंग तेच असते. उलट, कितीतरी वेळ काहीच न होता शेवटी टाइमआउट आला, तर पाकीट वाटेत कोणीतरी गिळले आहे: फायरवॉल, क्लाउडमधला सिक्युरिटी ग्रुप, किंवा भलताच आयपी. लिनक्सवर मूळ सेटिंगप्रमाणे असा प्रयत्न सुमारे 127 सेकंद चालतो, म्हणून दोन मिनिटांच्या आसपास येणारी एरर दिसली की आधी नेटवर्ककडे पाहावे. पासवर्ड किंवा परवानगीची एरर आली तर उलट समाधान मानावे, कारण नेटवर्क ठीक आहे आणि डेटाबेस आपल्याशी बोलतो आहे.

चौथा आजार सर्वांत फसवा. डॉटनेटमधला ‘पूलमधून कनेक्शन मिळण्याआधी वेळ संपली’ अशा अर्थाचा मेसेज पाहून लोक डेटाबेस सर्व्हरवर धाव घेतात. सर्व्हरला या घटनेची खबरही नसते. अ‍ॅप्लिकेशनच्या पूलमधली सगळी कनेक्शन्स, मूळ मर्यादेप्रमाणे 100, कोणीतरी धरून ठेवलेली असतात आणि नवा मागणारा 15 सेकंद थांबून परत जातो. जावाच्या हिकारी पूलमध्ये हीच मर्यादा 10 कनेक्शन्स आणि 30 सेकंद आहे. आकडे वेगळे, दुखणे एकच.

इथे बहुतेक टीम पूलचा आकडा वाढवतात. हा उपाय उलट का पडतो हे समजायला जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगेचा साधा नियम पुरतो. एका वेळी व्यवस्थेत सरासरी किती जण असतील, तर दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. तुमच्या अ‍ॅपवर सेकंदाला 200 विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती कनेक्शन 20 मिलिसेकंद धरते असे समजा. गुणाकार येतो 4. चार कनेक्शन्सवर सरासरी काम भागते, चढउतारासाठी थोडी जास्त ठेवा. आता एखादा इंडेक्स वापरात येणे थांबले आणि तीच क्वेरी एक सेकंद घेऊ लागली. गुणाकार येतो 200. विनंत्या एकानेही वाढलेल्या नाहीत, तरी शंभराचा पूल भरला. कनेक्शन संपणे हे इथे लक्षण आहे. रोग त्या क्वेरीत आहे. पूल 500 केला, तर आठ कोअरच्या सर्व्हरवर 500 जण एकदम सीपीयू, डिस्क आणि लॉकसाठी झगडतील, प्रत्येकाचा वेळ आणखी वाढेल आणि गुणाकार पुन्हा फुगेल. पोस्टग्रेसच्या वर्तुळात जुना अंदाज आहे की कोअरच्या दुप्पट अधिक डिस्कची संख्या एवढ्या सक्रिय कनेक्शन्सपासून सुरुवात करावी. तो पाळाच असे नाही, पण त्याचा आवाका लक्षात घ्या: वीसच्या घरात, पाचशेच्या नाही.

उलट बाजूचा हिशेबही कागदावर करून ठेवण्यासारखा आहे. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. मायएसक्यूएलची 151. हिकारीचा पूल दहाचाच ठेवून तुम्ही अ‍ॅपच्या बारा प्रती चालवल्या, तर मागणी 120 झाली. नवी आवृत्ती चढवताना जुन्या आणि नव्या प्रती काही वेळ एकत्र जगतात, तेव्हा ती आणखी वाढते. रिलीजच्या रात्रीच ‘टू मेनी क्लायंट्स’ का येते याचे कारण बहुतेकदा या बेरजेत असते, आणि ते शोधायला कोणतेही टूल लागत नाही.

पुराव्याऐवजी अंदाजावर पुढे गेल्यास काय होते हे पाहायला कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेची 31 जानेवारी 2017 ची घटना आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा मुळातून वाचावी. स्पॅममुळे आणि एका खात्याचा डेटा पुसणाऱ्या बॅकग्राउंड जॉबमुळे मुख्य पोस्टग्रेस सर्व्हरवर भार वाढला आणि दुय्यम सर्व्हरचे रेप्लिकेशन मागे पडले. ते नव्याने उभे करताना आधी रेप्लिकेशनच्या कनेक्शन्सची मर्यादा अपुरी निघाली. ती वाढवून सर्व्हर रीस्टार्ट केला, तर सेमाफोर जास्त होतात म्हणून तो उठेना, कारण कमाल कनेक्शन्सचा आकडा 8000 होता. तो 2000 वर आणल्यावर सर्व्हर उठला. मग डेटा उतरवून घेणारी कमांड सुरू केली, तर ती काही न बोलता नुसती थांबून राहिली. ती मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू होण्याची वाट पाहत होती, पण पडद्यावर तसे कुठेच लिहिलेले नव्हते. रिकामी डिरेक्टरी आड येत असावी असे वाटून ती पुसण्याची कमांड दिली गेली, आणि ती दुय्यमऐवजी मुख्य सर्व्हरवर चालली. एकदोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले होते. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने कधीचाच निकामी होता आणि तो निकामी असल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी योगायोगाने हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर सगळे परत उभे राहिले.

या घटनेतून लोक बॅकअपचा धडा घेतात, आणि तो घ्यायलाच हवा. आम्हाला मात्र त्यातला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रात्री उशिरा, थकलेल्या माणसाला, एकामागून एक नवे अडथळे येत असताना, मूकपणे थांबलेल्या कमांडचा अर्थ लावायचा होता. ‘थांबली आहे’ आणि ‘अडकली आहे’ यांतला फरक पाहायची सोय हाताशी नसेल, तर अनुभवी माणूसही अंदाजावर पुढचे पाऊल टाकतो. गिटलॅबने दुरुस्ती चालू असतानाच ती सर्वांसमोर खुली ठेवली आणि नंतर सविस्तर अहवाल छापला, त्या चुकीसाठी कोणा एकाला सुळावर न चढवता. म्हणूनच आज आपण त्यातून शिकू शकतो.

थांबणे आणि अडकणे यांतला फरक लॉकच्या बाबतीत रोज लागतो. एक नमुना इतका सर्रास दिसतो की तो वेगळा सांगायला हवा. अ‍ॅप ट्रान्झॅक्शन उघडते, एक ओळ अपडेट करते, आणि मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पेमेंट गेटवेला किंवा एसएमएस सेवेला फोन लावून उत्तराची वाट पाहते. पलीकडची सेवा मंदावली की आपले लॉक तितका वेळ धरलेलेच. पोस्टग्रेस हे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असे स्पष्ट दाखवतो. सीपीयू शांत, डिस्क शांत, आणि तरी सगळे अ‍ॅप ठप्प: असे दिसले की आधी या ओळी शोधा. 9.6 आवृत्तीपासून अशा सेशनला ठरावीक वेळेनंतर तोडणारा टाइमआउट आहे आणि कोण कोणाला अडवतो हे सांगणारे फंक्शनही आहे. दोन्ही फार कमी ठिकाणी वापरलेली दिसतात.

दुसरा नमुना टेबलात कॉलम घालण्याचा. ही कमांड खरी तर बहुतेकदा क्षणात उरकते. पण एखादा लांबलचक रिपोर्ट त्या टेबलावर चालू असेल, तर ती त्याच्यामागे थांबते आणि तिच्यामागे नंतरच्या सगळ्या साध्या वाचनाच्या क्वेरी रांगेत लागतात. अडवणारा कोण, असे विचारले तर बोट कॉलमच्या कमांडकडे जाते. मूळ अडथळा तो रिपोर्ट असतो. अशी कमांड देण्याआधी दोन-तीन सेकंदांचा लॉक टाइमआउट लावावा आणि फसली तर पुन्हा प्रयत्न करावा.

टाइमआउटबद्दल एक गैरसमज मात्र खरोखर धोकादायक आहे. टाइमआउट झाला म्हणजे काम रद्द झाले, असे धरून चालणारा कोड आपल्याकडे भरपूर आहे. एसक्यूएल सर्व्हरशी बोलणाऱ्या डॉटनेटच्या अ‍ॅपमध्ये कमांडचा 30 सेकंदांचा टाइमआउट क्लायंटच्या बाजूला लागतो. तो लागला की चालू कमांड थांबते, पण आधी उघडलेले ट्रान्झॅक्शन, एक्सॅक्ट अबॉर्ट चालू नसेल तर, तसेच उघडे राहू शकते, लॉकसकट. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये लॉकची वाट 50 सेकंद पाहून एरर येते, तेव्हा मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचे स्टेटमेंट मागे घेतले जाते. आधीची तशीच टिकतात. अ‍ॅपने एरर गिळून पुढे कमिट केले, तर अर्धवट नोंद पक्की झाली. पैशाच्या व्यवहारात याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. प्रत्येक टाइमआउटनंतर कोडने स्पष्टपणे रोलबॅक केले पाहिजे, आणि कोड रिव्ह्यूमध्ये ही एक गोष्ट हमखास तपासली पाहिजे. लगेच पुन्हा प्रयत्न करणारा कोडही तपासा. आधीच गुदमरलेल्या सर्व्हरवर सगळ्या क्लायंटनी एकाच क्षणी पुन्हा धडक मारली की तो उठतच नाही. प्रयत्नांतले अंतर वाढते आणि थोडे अनियमित हवे.

जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली विनंती फसते आणि दुसरी चालते, ही तक्रारही ओळखीची आहे. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये 7200 सेकंदांनी पहिला कीपअलाइव्ह पाठवतो, तर अझूरचा लोड बॅलन्सर मुळात चार मिनिटांत आणि एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर 350 सेकंदांत निष्क्रिय कनेक्शन विसरतो. पूलला ते कनेक्शन जिवंत वाटते. रीस्टार्टने हे ‘बरे होते’, कारण सगळी कनेक्शन्स नवी होतात. दुसऱ्या दिवशी तेच. कीपअलाइव्ह कमी करणे किंवा पूलमधल्या कनेक्शनचे आयुष्य आटोक्यात ठेवणे, एवढेच काम असते.

लहान दवाखाने, पतसंस्था, दुकाने यांच्याकडे एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती असते आणि ‘सकाळी पहिले लॉगिन फार वेळ घेते’ ही तिथली नेहमीची तक्रार. एक्स्प्रेसमध्ये बनवलेल्या डेटाबेसला ऑटो क्लोज मुळातच चालू असते: शेवटचा माणूस बाहेर पडला की डेटाबेस मिटतो आणि पहिला आला की उघडतो. ते बंद करायला एक ओळ पुरते. आणि फाइल 10 जीबीच्या किती जवळ आली आहे तेही त्याच वेळी पाहून घ्या, कारण 2008 आर2 ते 2022 या आवृत्त्यांच्या एक्स्प्रेसमध्ये ती मर्यादा गाठल्यावर नवीन नोंदच होत नाही.

हे सारे शोधायला लागणाऱ्या क्वेरी शांत वेळी लिहून, चालवून, सर्वांना सापडेल अशा जागी ठेवाव्यात: चालू सेशन्स, अडवणारे आणि अडलेले, सर्वांत जुने उघडे ट्रान्झॅक्शन, पूलची स्थिती, डिस्कवरची मोकळी जागा. आग लागल्यावर विहीर खणणे आपल्याला परवडत नाही. त्यांचे आउटपुट फाइलमध्ये गेल्यावर मग खुशाल रीस्टार्ट करा. वरिष्ठांना आमची विनंती अशी की ‘किती मिनिटांत सुरू केले’ याच्याबरोबर ‘कारण सापडले का’ हेही विचारत जा.

मराठीत अशा घटनांचे लिखाण जवळजवळ नाही. पुढच्या अंकापासून त्यासाठी दोन पाने राखून ठेवत आहोत. तुमच्याकडे घडलेली एक घटना लिहून पाठवा. संस्थेचे, ग्राहकाचे किंवा सहकाऱ्याचे नाव नको, सर्व्हरचा पत्ताही नको. डेटाबेसची आवृत्ती, घटनेची वेळ आणि एरर मेसेज मात्र जसाच्या तसा हवा.