शाळेच्या दारातील भय

जून महिना लागला की आमच्या वस्त्यांतून एक निराळीच धांदल उडते. वह्यांना पुठ्ठे चढतात, गणवेश उसनवारीने का होईना पण शिवले जातात, आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेला पैसा दप्तर-पुस्तकांवर खर्ची पडतो. ज्या समाजाने शिक्षणासाठी इतके सोसले, त्याला शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचे आता कारण उरलेले नाही. परंतु एका गोष्टीविषयी वाचकांशी स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते. मूल शाळेत घालणारा आमचा पालक शाळेच्या फाटकापर्यंत जातो व तेथेच थबकतो. आपल्या मुलाच्या गुरुजींना अगर बाईंना भेटण्याचे त्याला भय वाटते.

वाचकहो, हे भय आपण सर्वांनी पाहिले आहे. मुलाच्या वहीत बाईंनी ‘पालकांनी भेटावे’ असा शेरा मारला की घरात जणू समन्स आल्यासारखी शांतता पसरते. बाप म्हणतो, तू जा. आई म्हणते, मला बोलता येत नाही, तुम्हीच जा. आणि शेवटी शेजारचा कोणी शिकलेला मुलगा पाठविला जातो. हल्ली वर्गाचा निरोप मोबाइलवर येतो. तो वाचला जातो, पण उत्तर लिहिताना बोटे अडतात, कारण शुद्धलेखन चुकले तर इतर पालक हसतील. पालकसभेला आमची माणसे गेली तरी शेवटच्या बाकावर बसतात आणि सही करून निघून येतात. ह्याच माणसांनी गावात पाण्यासाठी भांडणे केलेली असतात, मोर्चांत लाठ्या खाल्लेल्या असतात. मग चाळीस मुलांच्या वर्गावरील एका शिक्षकापुढे त्यांची वाचा का बसावी?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही स्वतः वकिलीच्या धंद्यात आहोत आणि न्यायाधीशांसमोर उभे राहून बोलण्यावरच आमची उपजीविका चालते. गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या शाळेत पालकसभेला गेलो असता तिच्या वर्गशिक्षिका गुणांविषयी बोलता बोलता हसून म्हणाल्या की, काही मुलांना फारसा अभ्यास करण्याची गरजच नसते, त्यांना पुढे सवलती असतातच. सभेत थोडा हशा पिकला. आम्ही कायदा जाणत होतो, शब्दही जिभेवर होते. तरीसुद्धा आम्ही मान खाली घालून बसून राहिलो. मुलगी शेजारीच होती. घरी येईपर्यंत तिने काहीही विचारले नाही, आणि तिचे ते न विचारणेच आम्हांस अधिक लागले. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा शाळेत गेलो, त्या बाईंची वेळ मागून घेतली व त्यांच्या बोलण्याने मुलांवर काय परिणाम होतो ते शांतपणे सांगितले. माझा तसा हेतू नव्हता, असे त्या काहीशा तुटकपणे म्हणाल्या. पुढच्या सभेत मात्र तसला शब्द निघाला नाही. ह्यात आमचा पराक्रम काहीच नाही. ते दोन दिवस आम्ही का घालविले, एवढाच प्रश्न आहे.

ह्याचे कारण इतिहासात सापडते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला होता. एका मुलाला घेतले तर इतरांसाठी शाळा निरुपयोगी होईल, अशा विचाराने सरकारने तो अर्ज मान्य केला नाही. पुढे शाळा सर्वांना खुल्या असल्याचे धोरण जाहीर झाले, पण वर्गाचे दार उघडले म्हणून वर्गातली जागा मिळाली असे झाले नाही. सातारच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, आणि नळाला स्वतः हात लावता येत नसल्यामुळे शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहावे लागले. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. शिक्षकाच्या मुलाची जेथे ही गत, तेथे इतर अस्पृश्य पालकांनी शाळेत जाऊन कोणाला काय विचारावयाचे होते? बोललो तर मुलाचे नाव कमी होईल, त्याच्यावर राग निघेल, गावात आपली मजुरी बंद होईल, ही भीती त्या काळी भ्रम नव्हती. तो अनुभवाने शिकविलेला शहाणपणा होता. पिढ्यान् पिढ्या मुलाचे शिक्षण वाचविण्याचा एकच उपाय आमच्या पूर्वजांच्या हाती होता, आणि तो म्हणजे गप्प राहणे.

तो उपाय आज अपाय झाला आहे. पालक शाळेत येत नाहीत, ह्याचा अर्थ शिक्षक असा करतात की त्यांना मुलाच्या शिक्षणाची आस्था नाही. ज्या मुलाचे कोणी विचारावयास येत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते. त्याला दोन अक्षरे मागे राहिली तर ती तशीच राहतात, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत गेला नाही तरी कोणाचे अडत नाही, आणि मुलाला कोणी जातीवरून चिडविले तर ते घरी कळते पण शाळेत कळत नाही. आपण ज्याला नम्रता समजतो, त्याची किंमत मुलाला चुकवावी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि त्यासाठी केलेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे व मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे, हे त्यांपैकी एक आहे. तेव्हा आपण शिक्षकाला भेटावयास जातो ते मेहेरबानी मागण्यासाठी जात नाही. त्याच्या कर्तव्याचा आपला वाटा घेण्यासाठी जातो. सतराव्या कलमाने मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंना बंदी केली आहे. एकविसाव्या कलमान्वये सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, त्यांत वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असले पाहिजे, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आमच्या किती भगिनी ह्या समितीवर आहेत, आणि ज्या आहेत त्यांपैकी कितींना कोऱ्या ठरावावर सही करण्यापलीकडे काम दिले जाते, ह्याचा शोध प्रत्येक वस्तीने घ्यावा. मुलाच्या हक्कांचा भंग झाला तर बत्तिसाव्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावयाचा असतो, व त्यावर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

ह्याच्या जोडीला आम्हां बौद्धांपुरती एक खास बाब आहे. प्रवेशाच्या वेळी शाळेच्या रजिस्टरात धर्म व जात लिहिली जाते. पालक ‘बौद्ध’ असे सांगतो, आणि टेबलापलीकडून उत्तर येते की, तसे लिहिले तर सवलती जातील, हिंदूच लिहू या. पालक घाबरून होकार देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधींच्या साक्षीने जो निर्णय झाला, तो एका लेखणीच्या फटकाऱ्याने त्या रकान्यात पुसला जातो. वाचकहो, हे भय सर्वस्वी निराधार आहे. अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख ह्यांच्याबरोबर बौद्ध धर्माचाही त्यात समावेश केला. तेव्हापासून धर्मांतरित बौद्ध हा अनुसूचित जातीचा म्हणून केंद्राच्याही सवलतींस पात्र आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे आणि जातीच्या रकान्यात आपली पूर्वीची अनुसूचित जात लिहावी. धम्म स्वीकारल्यावर जात का लिहावयाची, असे काहीजण व्यथित होऊन विचारतात. ती व्यथा आम्ही समजू शकतो. परंतु जातीमुळे जो अन्याय झाला त्याच्यावरील कायद्याचा उपाय त्या नोंदीशी बांधलेला आहे. ती नोंद म्हणजे आमच्या श्रद्धेचा कबुलीजबाब नव्हे. नोंद चुकली असेल तर मूल त्या शाळेत शिकत असतानाच लेखी अर्ज करून ती दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती किती जड जाते, हे आमच्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या तरुणांना विचारावे.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक शिक्षक हा प्रतिपक्ष नव्हे. विद्यार्थिदशेतील भीमरावांना बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णराव केळुसकर शिक्षकच होते, आणि त्या एका पुस्तकाचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. आजही कित्येक शिक्षक वर्ग सांभाळून कागदपत्रांच्या व सरकारी कामांच्या ओझ्याखाली वाकलेले असतात, आणि पालक आपणहून आला तर त्यांना आनंद होतो. आमच्याच समाजातून शिक्षक झालेल्या बंधुभगिनींना तर आम्ही आग्रहाने सांगू की, फाटकाशी घुटमळणारा पालक दिसला तर आपण दोन पावले पुढे यावे. त्याच्या जागी कधीकाळी आपला बाप उभा होता, हे त्यांनी विसरू नये.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला सहा दिशांचा अर्थ समजावून दिला, तेव्हा पूर्व दिशा म्हणजे मातापिता आणि दक्षिण दिशा म्हणजे आचार्य, असे सांगितले. त्या उपदेशात शिष्याची कर्तव्ये आहेत तशीच आचार्यांचीही आहेत: नीट शिकविणे, शिकविलेले नीट समजले की नाही हे पाहणे, आणि शिष्य जाईल तेथे तो सुरक्षित राहील अशी काळजी घेणे. गुरूसमोर निमूटपणे झुकण्याची शिकवण ह्यात नाही. दोन्ही बाजूंनी पाळावयाचा हा संबंध आहे. आई-बाप आणि आचार्य ह्यांची गाठच पडली नाही, तर मूल मध्ये एकटे पडते.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की, तक्रार उत्पन्न होण्याची वाट पाहू नका. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच वेळ मागून मुलाच्या शिक्षकाला भेटा. नवरा-बायको दोघेही जा. माझे मूल कशात पुढे आहे, कशात मागे आहे, आणि घरी आम्ही काय करावे, हे तीन प्रश्न विचारा. भाषा आपली साधीच असू द्या. शुद्ध बोलण्याची परीक्षा द्यावयास आपण गेलेलो नसतो. तक्रार करावयाची असेल तर ती मुलासमोर व रागाच्या भरात करू नका. ती दोन ओळींत लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल तर दोघेतिघे मिळून जा.

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारांतून वर्षावासानिमित्त ग्रंथवाचन सुरू होते. त्या वाचनानंतर दर रविवारी एक तास वस्तीतील शिकलेल्यांनी पालकांसाठी द्यावा. त्यांचे अर्ज लिहून द्यावेत, रजिस्टरातील नोंदी तपासाव्यात, आणि जो पालक म्हणेल ‘मला भीती वाटते’, त्याच्याबरोबर स्वतः शाळेत जावे. आमच्या आज्यांनी आणि पणज्यांनी त्या फाटकाबाहेर उभे राहून आम्हांला आत पाठविले. आता आम्ही आत जाऊन बाकावर बसावे आणि आपल्या मुलाविषयी विचारावे. आपला बाप शिक्षकाशी ताठ मानेने व गोड शब्दांत बोलतो आहे, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला समतेचा अर्थ वेगळा शिकवावा लागणार नाही.